तक्रार विभाग स्वयंपाकघरात आहे

धंदा कसा करावा, हे मला विचारा! तो चालतो कसा, ते विचारू नका. ते मलाही अजून कळायचं आहे. पण करावा कसा, यावर मी बसल्या बैठकीला व्याख्यान देऊ शकतो, आणि ऐकता ऐकता तुमच्या डोळ्यांत पाणी येईल अशी लेखी हमीही देऊ शकतो. माझ्या बायकोच्या यायचं. सुरुवातीला कौतुकाने, पुढे पुढे जांभया दाबताना.

आमचा धंदा पडद्यांचा. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, पडदे शिवायचे आणि नेऊन बसवून द्यायचे. माझी नोकरी सुटली तेव्हा मी हा धंदा काढला. 'सुटली' हा शब्द मी घरात रूढ केला होता. खरं म्हणजे मी नोकरीला घट्ट धरून होतो, नोकरीनेच मला सोडलं. असो. बायकोला शिवण उत्तम येत होतं, माझ्याकडे वेळ उत्तम होता. भांडवल आणखी काय वेगळं असतं?

घर दोन खोल्यांचं, शिवाय स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी. गॅलरीत शिवणयंत्र आणि बायको. स्वयंपाकघरात आई. उरलेल्या घरात मी फिरता. आता एवढ्याशा जागेतल्या धंद्याला कोण विचारणार? म्हणून मी पहिल्याच दिवशी दोघींना समोर बसवून सिद्धांत सांगितला, "हे बघा, धंदा लहान असला तरी आवाज मोठा पाहिजे! गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, पलीकडे शंभर माणसं खपताहेत."

"आणि एकच खपत असेल तर?" बायकोने विचारलं.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी विभाग पाडले. मी विक्री विभाग. बायको शिलाई विभाग. आणि आई? आईला शिवता येत नाही, विकता येत नाही, चालायचा कंटाळा. तिला मी तक्रार निवारण विभाग दिला. आयुष्यात मी एकच नेमणूक अचूक केली, ती ही!

कारण माझी आई म्हणजे जन्माची सुतकी. सूर्य उगवला तरी म्हणणार, "उगवला बिचारा. आता मावळणं आलं." लग्नाच्या मांडवात गेली तर नवरीकडे अशा नजरेने बघते, की नवरी माहेरी परत जायला निघावी. वडील गेल्यापासून हे वाढलं असं लोक म्हणतात, पण मला आठवतं, वडील होते तेव्हाही ती त्यांच्याकडे बघून "आहेत तोवर आहेत," असंच म्हणायची.

कंपनीला फोन एकच. तोही जुना, पडून स्क्रीन गेलेला. फोन कुणाचा येतोय ते दिसायचं नाही, नुसता वाजायचा. पडद्यांची कंपनी, आणि फोनच उघडा पडलेला! गिऱ्हाईक म्हणालं, "तक्रार आहे," की मी भारदस्त आवाजात म्हणायचो, "एक मिनिट, आपला फोन तक्रार विभागाकडे जोडून देतो." मग फोन तोंडाजवळ धरून एक सूर गुणगुणत स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं. मोठ्या कंपन्यांत थांबलेल्या माणसाला संगीत ऐकवतात ना, तसं. एकदा वाटेत स्टुलाला अडखळलो आणि संगीतात "आई गं!" आलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "चाल चांगली आहे."

आईचा खाक्या ठरलेला. समोरच्याने दुःख सांगितलं, की त्याच्यापेक्षा मोठं काढून समोर ठेवायचं.

"काकू, तुमच्या पडद्याचा रंग एका धुण्यात गेला!"

"जाणारच हो. धडधाकट माणसं जातात, तिथे रंगाचं काय घेऊन बसलात! आमच्या शेजारच्या वहिनींचा पडदा आहे तसा आहे, पण बघायला वहिनी नाहीत."

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग हळूच, "नाही, तसा अगदीच गेलेला नाही. थोडा आहे."

एकदा एका डॉक्टरांच्या घरी पडदा दांडीसकट खाली आला. चूक माझी, खिळा माझा. डॉक्टर तावातावाने फोनवर आले. आई म्हणाली, "डोक्यात पडली का दांडी? नाही ना? मग तुम्ही नशीबवान. आमच्या ह्यांच्या मामांच्या डोक्यात पडली होती. त्यानंतर ते घरातल्या कुणालाच ओळखेनात. म्हणजे ओळखत असावेत, पण कबूल करेनात." डॉक्टरांनी फोन ठेवायच्या आधी आईचे आभार मानले! पुढे तर काही लोक तक्रार नसतानाही फोन करू लागले. "जरा काकूंना द्या," म्हणायचे. त्यांना आपलं आयुष्य बरं चाललंय, हे ऐकायचं असायचं.

तर असा तक्रार विभाग जोरात होता. विक्री विभाग बोलत होता. आणि सगळं काम शिलाई विभाग करत होता.

मी एक नियमही केला होता. कामाच्या वेळात घरगुती नाती बंद! एकमेकांना विभागाने हाक मारायची. पहिले काही दिवस बायको मजेने "हो साहेब" म्हणायची, यंत्राच्या आडून हसायची. ते हसणं कधी बंद झालं, ते माझ्या लक्षात आलं नाही. कामाची वेळही हळूहळू लांबत जाऊन झोपेला टेकली होती, तेही आलं नाही.

मग एक दिवस तिने सांगितलं. कपड्यांच्या एका कारखान्यात देखरेखीला बाई हवी होती. त्यांनी हिचं काम कुठेतरी पाहिलं होतं.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून या म्हणताहेत."

"आणि आपली कंपनी?"

"त्या लॉजवाल्यांच्या पडद्यांची ऑर्डर आली तर मी थांबते. मदतीला आणखी एखादी बाई ठेवता येईल. नाही आली तर जाते."

"शिलाई विभागाने अशा धमक्या देणं बरं दिसत नाही!" मी म्हणालो.

"धमकी नाही हो," ती म्हणाली. "पाठ दुखते माझी. अख्खा विभाग मी एकटीच आहे."

ती गेली तर शिवणार कोण? मला सुईत दोरा ओवता येतो, तोसुद्धा उलट्या बाजूने. कंपनीत उरणार विक्री आणि तक्रार. विकायला काही नाही, आणि तक्रार करायला कुणी नाही!

सगळी भिस्त आता लॉजमालकांवर. त्यांच्या लॉजच्या सगळ्या खोल्यांचे पडदे बदलायचे होते. नमुना म्हणून आम्ही एका खोलीत पडदे लावून दिले होते, बायकोने स्वतः बसून शिवलेले. ते पसंत पडले की काम आमचं. मी रोज फोनकडे बघत बसायचो. शेवटी तो आला, आणि पहिलंच वाक्य, "मला तक्रार करायची आहे."

गुणगुणताना सूर तीन ठिकाणी फाटला. फोन आईला दिला आणि दाराला कान लावून उभा राहिलो.

लॉजमालकांची तक्रार अशी, की पडदा फारच चांगला आहे! त्यामुळे त्या खोलीतली बाकीची प्रत्येक वस्तू भिकार दिसायला लागली आहे. पलंग, खुर्ची, भिंत, आरसा. आरशात बघितलं तर ते स्वतःसुद्धा.

"आरशाला कशाला दोष द्यायचा?" आई म्हणाली. "मी आमचा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. त्यालाही तेवढाच आराम."

पलीकडून दीर्घ सुस्कारा ऐकू आला. माणूस आईच्याच जातकुळीतला निघाला! त्या दिवसापासून ते रोज फोन करू लागले. आज काय, गिऱ्हाईक उशी घेऊन पळालं. आज काय, कुणी उशीसुद्धा नेत नाही, इतकी ती वाईट. आई प्रत्येक वेळी सवाई दुःख काढायची. मी हात चोळत होतो. ऑर्डर पिकत आली, अशी माझी खात्री झाली. बायकोलाही तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पाठीला उशी लावून पुन्हा शिवायला बसली.

एका दुपारी फोन वाजला. अतिशय नम्र, गोड आवाजात एक बाई म्हणाल्या, "नमस्कार. मला एक तक्रार नोंदवायची होती."

"जरूर, जरूर! आपला फोन जोडून देतो," म्हणत मी गुणगुणत निघालो. फोन आईच्या हातात दिला आणि परत फिरलो, तो गॅलरीच्या काचेतून बायको दिसली. यंत्र बंद. पाठ माझ्याकडे. कानाला तिचा फोन. आणि तोच गोड आवाज काचेतून येत होता!

आता तुम्ही म्हणाल, बायकोचा आवाज ओळखता आला नाही? अहो, इतक्या गोड आवाजात आपलीच बायको आपल्याशी बोलत असेल, हे कुठल्या नवऱ्याच्या मनात येईल?

मी मधल्या बोळकांडीत उभा. डाव्या कानाला स्वयंपाकघर, उजव्या कानाला गॅलरी. दोघी हाकेच्या अंतरावर, पण फोनवर! समोरासमोर बोलायचं तर कामाच्या वेळात घरगुती बोलणं बंद. शिवाय सासू म्हणून आईने मुलाविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नसता. तक्रार विभागाला मात्र ऐकावंच लागतं. नियम माझाच.

"बोला ताई," आई म्हणाली. "काय खराब झालंय?"

"नवरा."

आईने विचारलं, "किती दिवस वापरात आहे?"

"बरीच वर्षं. सुरुवातीला चांगला होता हो. संध्याकाळी यंत्रापाशी येऊन बसायचा. सुईत दोरा ओवून द्यायचा, चुकीच्या बाजूने, पण बसायचा. आता येतो तो 'किती झाले?' एवढंच विचारायला येतो. मला नावाने हाक मारायचंही बंद केलंय. मागे मला ताप आला, तर म्हणाला, 'रजा किती दिवसांची?'"

"हं," आई म्हणाली.

मी वाट बघू लागलो. आता आई याच्यावर कडी करणार! माझे वडील मीठ जास्त झालं म्हणून आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते, तो किस्सा तिने माझ्या गिऱ्हाइकांना कितीदा तरी ऐकवला होता. तो आता येणार, बायकोचं दुःख त्याच्यापुढे एवढंसं होणार, आणि ती पुन्हा शिवायला बसणार. मी मनातल्या मनात आईला बढतीसुद्धा देऊन टाकली.

"तक्रार रास्त आहे, ताई," आई म्हणाली.

कंपनीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं!

"दोष मूळचाच आहे," आई पुढे म्हणाली. "माल आमच्याकडूनच तसा निघाला."

"बदलून मिळेल का?"

"नाही हो. दुसरा नगच नाही. एकच काढला होता."

बायको हसली. निदान हसण्यासारखा आवाज आला, मग तो आवाज बदलत गेला, आणि तिने पदराचं टोक तोंडावर धरलं. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. गॅलरीत जावं, तिच्याजवळ बसावं, काहीतरी बोलावं, निदान दोरा ओवावा, असं मनात आलं. मी दोन पावलं टाकलीही. तेवढ्यात आईने बोळकांडीत येऊन फोन माझ्या हातात ठेवला. "घ्या, विक्री विभाग," एवढंच म्हणाली. आणि तो हातातच वाजला.

लॉजमालक! "मी शनिवारी दुपारी येतो म्हणतो. एकदा तुमच्या कार्यालयात येऊन सगळं सांगायचंच आहे. असल्या गोष्टी फोनवर बोलणं बरं नाही. त्या तक्रारीच्या बाईंनाही भेटायचं आहे."

असल्या गोष्टी म्हणजे ऑर्डर! दुसरं काय असणार? गॅलरीत बायको होती, फोनवर गिऱ्हाईक होतं. मी फोन घेऊन बाहेर जिन्यात गेलो. परत आलो तेव्हा यंत्र सुरू झालं होतं.

शनिवारी सकाळपासून मी घराचं कार्यालय करायला घेतलं. कपड्यांची दोरी काढली. पलंग शेजारच्या शिकवणीवाल्या काकांकडे हलवला आणि त्यांना बजावलं, "कुणीही विचारलं तरी सांगायचं, पलंग तुमचा!" काकांनी आनंदाने मान डोलावली. भांडी कपाटात कोंबली. स्वयंपाकघराच्या दारावर 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी लावली. भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढून त्या खिळ्याला एक आलेख लटकवला, वर वर जाणारा! कशाचा, ते मी लिहिलं नव्हतं. उशा, चादरी, आईची औषधं, बायकोच्या टिकल्या, सगळं एका पोत्यात भरून तेही काकांकडे. दुपारपर्यंत घर इतकं कार्यालयासारखं दिसू लागलं, की मलाच चपला काढाव्यात की नाही असा प्रश्न पडला.

"आता शेवटची सूचना," मी दोघींना म्हणालो. "काहीही झालं, आभाळ कोसळलं, तरी नातं सांगायचं नाही! तू माझी बायको नाहीस. ही माझी आई नाही."

बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "काहीही झालं तरी?"

"काहीही!"

"लक्षात ठेवते," ती म्हणाली.

लॉजमालक आले. उंच, वाकलेले, सगळी गिऱ्हाइकं एकदम खोल्या सोडून गेल्यासारखा चेहरा. आलेखाकडे बघून त्यांचा चेहरा आणखी पडला. बायकोने पाणी आणून दिलं आणि ती गॅलरीत गेली. ते आधी तक्रार कक्षात गेले. आई आणि ते समोरासमोर बसले. दोघांनीही एकमेकांकडे पाहून सुस्कारा सोडला. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "फार बरं वाटलं."

मग माझ्यासमोर बसले आणि त्यांनी घसा साफ केला.

"रागावू नका. ऑर्डर मी तुम्हाला देत नाही."

माझ्या कानात शिट्टी वाजली. "का? पडदे आवडले नाहीत?"

"पडदे? असे पडदे मी जन्मात पाहिले नाहीत! पण मोठ्या कंपन्यांनी मला आजवर फार फसवलंय हो. तुमचे एवढे विभाग. फोन जोडून देताना संगीत. उद्या काही झालं तर मी कुणाला धरू? नाही, नाही. मला आपली लहान माणसं बरी. आमच्या मागच्या गल्लीत एक नवरा-बायको घरातच शिवतात. सोबत म्हातारी सासू असते. काम तुमच्याएवढं सुबक नाही, पण घरातली माणसं जीव लावून करतात. संध्याकाळी जाऊन त्यांना हो म्हणणार आहे. त्याआधी तुम्हाला तोंडाने सांगावं, म्हणून आलो."

वाचकहो, तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने हसावं की रडावं? मी खुर्चीवरून उडीच मारली!

"अहो, मग आम्ही तेच आहोत! आम्ही घरीच शिवतो! हे घर आहे!"

लॉजमालकांनी आजूबाजूला पाहिलं. टेबल. आलेख. पाटी. "साहेब," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एका ऑर्डरसाठी स्वतःला इतकं लहान करून घेऊ नका."

"शपथ सांगतो! काल इथे पलंग होता! चला, दाखवतो!" मी त्यांना ओढतच शेजारी नेलं. शिकवणीवाले काका आमच्या पलंगावर आमची उशी घेऊन घोरत होते. मी त्यांना गदागदा हलवलं. "काका, सांगा यांना, हा पलंग कुणाचा?"

काका डोळे चोळत उठले, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "माझा!"

वर मला डोळाही मारला!

लॉजमालक आता मला जपून वागवू लागले. माझा दंड धरून त्यांनीच मला घरी परत आणलं. मी तक्रार कक्षाचं दार धाडकन उघडलं. "ही माझी आई आहे! आई, सांग!"

आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. तिने मान वळवली.

"मला एक मुलगा होता," ती लॉजमालकांना म्हणाली. "चांगला होता. जेवायला बरोबर बसायचा. नोकरी गेल्यापासून मात्र तो कुठे दिसला नाही."

"अरेरे!" लॉजमालकांचे डोळे भरून आले. "तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"माझ्या तक्रारी घ्यायला कोण आहे?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती सूचना पाळत होती, की खरंच तसं म्हणत होती, हे मला कळेना. आणि आता शेवटचा आधार उरला होता. मी गॅलरीकडे वळलो. बायको यंत्राशी बसली होती. समोर कुठल्यातरी खिडकीचा अर्धा शिवलेला पडदा. रोजची ती उशी आता तिच्या पाठीला नव्हती. ती मीच काकांकडे पाठवली होती.

"ही माझी बायको!" मी ओरडलो. "तिनेच शिवलेत ते पडदे. एकटीने! इथे बसून! शंभर माणसं नाहीत, एकच आहे! तिलाच विचारा!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी हे खरं खरं बोललो होतो. लॉजमालकांना काहीतरी जाणवलं असावं. ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बाई, खरं का हो? तुम्ही यांच्या मंडळी?"

यंत्राचं चाक तिने हाताने थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कुठेतरी भेटलेल्या माणसाची ओळख पटते का, ते बघावं, तसं पाहिलं. एक क्षण मला वाटलं, पटली.

"मी शिलाई विभाग," ती म्हणाली.

लॉजमालकांनी समजुतीने मान हलवली. निघताना दारात माझी पाठ थोपटली. "वाईट वाटून घेऊ नका. सगळ्याच मोठ्या कंपन्या असं सांगतात. आम्ही एकाच कुटुंबातले आहोत, म्हणून. माझ्या लॉजच्या पाटीवरही लिहिलंय."

ते गेले. जिन्यावरची पावलं वाजेनाशी होईपर्यंत मी दारातच उभा होतो.

"असं का बोललीस?" मी आत येऊन विचारलं. "तू हो म्हणाली असतीस, तर ऑर्डर आपली होती!"

"तुम्हीच सांगितलं होतं, काहीही झालं तरी."

"पण नंतर मीच सांगत होतो ना, की तू बायको आहेस?"

"कुणाला? त्यांना," ती म्हणाली. "ऑर्डरसाठी."

मी पलंग आणायला काकांकडे गेलो. तो आत नेताना अलगद गेला होता, बाहेर निघताना दारात अडकला. काका म्हणाले, राहू दे, दोन दिवसांनी बघू. आम्ही ते दोन दिवस जमिनीवर झोपलो.

सोमवारी सकाळी ती कारखान्यात गेली. दुपारी घरात इतकं शांत होतं, की आईसुद्धा म्हणाली, "यंत्राचा आवाज बरा होता रे." एकदोन फोन आले. मी उचलले नाहीत. आलेख काढून लग्नाचा फोटो परत लावला. गॅलरीत जाऊन यंत्रावरची धूळ पुसली. धूळ नव्हती, पण पुसली.

संध्याकाळी ती आली, ती चक्क हसत आली! मी धावत जाऊन तिची पिशवी घेतली. पाणी दिलं. उशी आणून पाठीला लावली. तिला बहुधा संशय आला असावा.

"कसं आहे तिकडे?" मी विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना नावाने हाक मारतात. दुपारी एकत्र जेवायला बसतात. पाठ दुखली तर उठून चालून या म्हणतात. मालकीणबाई म्हणाल्या, इथे आपण सगळे एकाच कुटुंबातले."

आई आत आहे, हे बघून घेतलं. मग आवाज जमेल तितका लहान करून विचारलं, "त्या कुटुंबात एखादी जागा आहे का गं? कसलीही चालेल."

तिने माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"विचारून बघते," ती म्हणाली. "पण ते अनुभव विचारतील."